विजेवरील स्वयंपाक : इंडक्शन शेगडीचा सुरक्षित वापर आणि भांड्यांची निवड

स्वयंपाकासाठी कोणते इंधन वापरावे, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. प्रत्यक्षात त्याचा संबंध सार्वजनिक आरोग्य, स्त्रियांचे श्रम, परकीय चलनाची गंगाजळी आणि देशाची ऊर्जा-सुरक्षा या सर्वांशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. शहरी भागात हे प्रमाण ८९.७ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ ४३.२ टक्के होते. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक कुटुंबांपर्यंत गॅस जोडणी पोहोचवली. तथापि, देशात वापरल्या जाणाऱ्या द्रवरूप पेट्रोलियम वायूपैकी (एलपीजी) सुमारे ६० टक्के वायू आयात करावा लागतो आणि या आयातीचा मोठा हिस्सा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. जागतिक बाजारातील प्रत्येक चढउतार त्यामुळे थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

दुसरीकडे, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेखाली मार्च २०२२ पर्यंत २.८६ कोटी घरांना वीजजोडणी देण्यात आली. वीज घरोघरी पोहोचली असल्याने तिचा उपयोग स्वयंपाकासाठीही व्हावा, हा विचार पुढे आला. फेब्रुवारी २०२१ मधील ‘गो इलेक्ट्रिक’ अभियानात विजेवरील वाहनांबरोबर विजेवरील स्वयंपाकाचाही पुरस्कार करण्यात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड (ईईएसएल) या सार्वजनिक उपक्रमाने राष्ट्रीय कार्यक्षम स्वयंपाक कार्यक्रम जाहीर केला व त्याअंतर्गत २० लाख इंडक्शन शेगड्यांच्या वितरणाचे उद्दिष्ट ठेवले.

या पार्श्वभूमीवर एक मूलभूत बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. गॅसची शेगडी हे स्वयंपूर्ण उपकरण आहे. तिच्यावर कोणतेही भांडे ठेवले तरी ते तापते. इंडक्शन शेगडीचे तसे नाही. तिच्यावर ठेवलेले भांडे हा त्या उपकरणाचाच अर्धा भाग असतो, आणि भिंतीतील वायर व सॉकेट हेही त्याच व्यवस्थेचे घटक असतात. शेगडीची किंमत म्हणजे विजेवरील स्वयंपाकाची किंमत नव्हे, हे समजल्याशिवाय ग्राहकाचा निर्णय आणि शासनाची योजना दोन्ही अपुरे राहतात.

प्रवर्तनाचे तत्त्व

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे या शोधाचे सार आहे. इंडक्शन शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरातील वीज ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. शेगडीतील इलेक्ट्रॉनिक मंडल तिचे रूपांतर २० किलोहर्ट्झहून अधिक वारंवारतेच्या प्रवाहात करते. २० किलोहर्ट्झ ही मानवी श्रवणाची वरची मर्यादा असल्याने त्यापलीकडची वारंवारता निवडली जाते. अन्यथा शेगडी सतत कर्कश आवाज करीत राहिली असती.

या प्रवाहामुळे वेटोळ्याभोवती वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात योग्य धातूचे भांडे आले की त्याच्या बुडात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. धातूच्या रोधामुळे या प्रवाहांची ऊर्जा उष्णतेत परिवर्तित होते. लोखंडासारख्या लोहचुंबकीय पदार्थात चुंबकन वारंवार उलटसुलट होत असल्यानेही काही उष्णता निर्माण होते. म्हणजेच येथे उष्णता शेगडीत निर्माण होऊन भांड्याकडे जात नाही, तर ती भांड्याच्या बुडातच निर्माण होते. यामुळे इंडक्शन शेगडीची कार्यक्षमता साधारणतः ८५ टक्क्यांच्या आसपास असते. घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानकात किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता अपेक्षित आहे. रोजच्या वापरात ती याहून कमी भरते. पारंपरिक चुलीत लाकडातील ऊर्जेचा बहुतांश भाग वाया जातो.

ॲल्युमिनियम व तांबे हे विजेचे उत्तम वाहक असूनही या शेगडीवर का तापत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. २४ किलोहर्ट्झला लोखंडात हा थर सुमारे एक दशांश मिलिमीटर, तर ॲल्युमिनियममध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. लोखंडाचा विशिष्ट रोधही ॲल्युमिनियमपेक्षा अधिक आहे. परिणामी लोखंडाच्या पृष्ठभागाचा रोध ॲल्युमिनियमच्या तुलनेत तीसपटीहून अधिक भरतो व त्यात पुरेशी उष्णता निर्माण होते. ॲल्युमिनियम वा तांब्यात प्रवाह निर्माण होतो, परंतु रोध अत्यल्प असल्याने उष्णता नगण्य राहते. बहुतेक शेगड्या असे भांडे ओळखतच नाहीत आणि काही सेकंदांत आपोआप बंद होतात.

भांड्यांची निवड

भांडे योग्य आहे की नाही, हे ठरविण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे लोहचुंबक. साधा चुंबक भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटत असेल, तर त्या भांड्याचा धातू इंडक्शनला चालतो. चुंबक हलकासा धरून घसरत असेल, तर भांडे तापेल परंतु मंद गतीने. मुळीच चिकटत नसेल, तर ते भांडे निरुपयोगी समजावे. ही परीक्षा भांड्याच्या कडेवर न करता बुडावर करणे महत्त्वाचे आहे.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत ग्राहकांची फसगत होण्याचा संभव अधिक असतो. ‘३०४’ या प्रकारच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. निकेलमुळे पोलादाची अंतर्गत रचना अशी बनते की ते चुंबकाला जवळजवळ प्रतिसाद देत नाही. ‘४३०’ या प्रकारात निकेल जवळपास नसते व ते चुंबकीय असते. खाद्यपदार्थांसाठी व गंजरोधासाठी उत्तम मानले जाणारे महाग पोलाद इंडक्शनवर मात्र चालत नाही, ही विसंगती यातून उद्भवते. यावर उपाय म्हणून उत्पादक आता आतील बाजूस ‘३०४’, मध्ये उष्णता सर्वत्र पसरविणारा ॲल्युमिनियमचा थर आणि बाहेरून ‘४३०’ पोलाद अशी तीन थरांची भांडी बनवितात. ॲल्युमिनियमच्या प्रेशर कुकरच्या बुडाला चुंबकीय पोलादाची चकती जोडून त्याला ‘इंडक्शन बेस’ असे म्हटले जाते. अशा भांड्यात उष्णता केवळ त्या चकतीच्या क्षेत्रात निर्माण होते. त्यामुळे चकती लहान असेल तर कडेचे अन्न कच्चे व मधले करपलेले राहते.

धातूइतकेच आकाराला महत्त्व आहे. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. म्हणून बूड सपाट असणे व ते काचेला सर्वत्र टेकणे आवश्यक असते. बुडाचा व्यास वेटोळ्याच्या व्यासाशी मिळताजुळता असावा. साधारणतः १० ते १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बुडाचे भांडे शेगडी ओळखत नाही. चहाचे छोटे पातेले वा फोडणीची कढली या कारणाने निरुपयोगी ठरते. फार पातळ पत्र्याचे भांडे तापून वाकते आणि पुढे काचेला नीट टेकत नाही.

बाजारात लोखंडी मध्यस्थ चकतीही मिळते. ती शेगडीवर ठेवून तिच्यावर ॲल्युमिनियमचे वा तांब्याचे भांडे ठेवता येते. या व्यवस्थेत चकती तापते व तिची उष्णता संपर्काने भांड्याला मिळते. इंडक्शनच्या कार्यक्षमतेचा लाभ त्यामुळे बराच कमी होतो आणि मोठ्या शक्तीवर वापरल्यास अतितप्त चकतीमुळे काचेला व आतील मंडलाला इजा पोहोचू शकते. तिचा वापर अपवादात्मक व मंद आचेपुरता मर्यादित असावा.

मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून त्यांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. या चिन्हामुळे धातूच्या दर्जाची हमी मिळते. तथापि, भांडे इंडक्शनला चालेल याची ती हमी नाही. त्यासाठी चुंबकाची कसोटी वेगळी घ्यावीच लागते.

भारतीय स्वयंपाकघराची विविधता

देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील भांड्यांना हे निकष लावून पाहिले असता स्थित्यंतराची खरी किंमत ध्यानात येते. केरळातील काशाची उरुळी, काश्मीरमधील कल्हई केलेली तांब्याची भांडी, तमिळनाडूत रस्समसाठी वापरले जाणारे कथलाचे भांडे, दक्षिणेकडील घरोघरी असलेले ॲल्युमिनियमचे इडलीपात्र, गुजरातमधील मातीची तावडी यांपैकी काहीही इंडक्शनवर तापत नाही. बंगालमधील लोखंडी कढई चुंबकाला चिकटते, परंतु तिचे बूड गोल असते. महाराष्ट्रातील बिडाचा तवा धातूच्या दृष्टीने अत्यंत योग्य आहे. मात्र त्याचे बूड सपाट असले तरच तो उपयोगी पडतो.

काही पाककृतींना प्रत्यक्ष ज्योत किंवा निखारा लागतो. उत्तर भारतातील फुलका ज्योतीवर फुगतो, बिहारची लिट्टी व राजस्थानची बाटी निखाऱ्यांवर भाजली जाते, भरताचे वांगे व पापड आचेवरच भाजतात. बहुसंख्य कुटुंबे त्यामुळे इंडक्शनचा वापर गॅसला पूरक म्हणून करतात. इंडिया रेसिडेन्शियल एनर्जी सर्व्हे २०२० या पाहणीनुसार सुमारे ५ टक्के कुटुंबे विजेवरील स्वयंपाकाची साधने वापरत होती आणि त्यांपैकी बहुतेकांचे मुख्य इंधन गॅसच होते. भात, डाळ, भाज्या, दूध, चहा यांसारखे उकडण्या-शिजविण्याचे पदार्थ विजेवर आणि भाजण्याचे पदार्थ गॅसवर, ही विभागणी व्यवहार्य असून सिलिंडरची संख्या कमी करण्यास तेवढीही पुरेशी ठरते.

विद्युत जोडणीची सुरक्षितता

भारतात प्रचलित असलेल्या इंडक्शन शेगड्यांची शक्ती १२०० ते २००० वॉटच्या दरम्यान असते. २३० व्होल्ट दाबावर २००० वॉटची शेगडी सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. घरातील दिवे व पंख्यांसाठी असलेले छोटे सॉकेट ६ अँपिअर क्षमतेचे असते. म्हणजेच ते १३८० वॉटपर्यंतच भार पेलू शकते. मोठ्या पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हीच या शेगडीची योग्य जागा होय. बाजारात मिळणारे रूपांतरक वापरून मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसविणे ही अत्यंत धोकादायक सवय आहे.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. यामुळेच एका दिव्यासाठी व पंख्यासाठी टाकलेली बारीक वायर शेगडीच्या भाराने वितळू शकते आणि हे वितळणे भिंतीच्या आत, नजरेआड घडते. शेगडीसाठी किमान २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी व खात्रीचे अर्थिंग आवश्यक आहे. गळती प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच पुरवठा खंडित करणारे संरक्षक उपकरण बसविल्यास विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू टाळता येतात. एक्स्टेंशन बोर्डावरून शेगडी चालवू नये, तसेच त्याच सॉकेटवर गीझर, मिक्सर वा इस्त्री जोडू नये. घरगुती वापराचे लहान इन्व्हर्टर हा भार पेलू शकत नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा मंजूर भाराचा आहे. नव्याने वीज मिळालेल्या अनेक ग्रामीण घरांचा मंजूर भार एक किलोवॉट किंवा त्याहूनही कमी असतो. अशा घरात २००० वॉटची शेगडी लावणे म्हणजे मंजूर मर्यादा ओलांडणे होय. भार वाढविण्यासाठी अर्ज, शुल्क व वाढीव स्थिर आकार यांचा खर्च येतो. शेगडीच्या जाहिरातीत या खर्चाचा उल्लेख नसतो.

वापरातील दक्षता

इंडक्शन शेगडीत ज्योत नसल्यामुळे कपडे पेटण्याचा व वायुगळतीचा धोका नाहीसा होतो, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. परंतु ज्योत दिसत नाही म्हणून धोकाच नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

काच स्वतः तापत नसली, तरी तापलेल्या भांड्याची उष्णता तिच्यात उतरते आणि भांडे उचलल्यानंतर काही मिनिटे ती पोळण्याइतकी गरम राहते. लहान मुलांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी. स्वयंपाक संपल्यावर प्रथम शेगडीवरील बटणाने ती बंद करावी, आतील पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी आणि त्यानंतरच भिंतीवरील बटण बंद करावे. पंखा मध्येच थांबल्यास इलेक्ट्रॉनिक भाग अतितप्त होऊन शेगडीचे आयुष्य घटते.

रिकामे भांडे तापत ठेवणे हा सर्वांत सामान्य व सर्वांत गंभीर दोष आहे. सर्व ऊर्जा पातळ बुडात केंद्रित होत असल्याने रिकामा तवा वा थोडेसे तेल घातलेली कढई गॅसच्या तुलनेत कितीतरी लवकर धोकादायक तापमानाला पोहोचते. शेगडीतील तापमानदर्शक काचेखाली असतो. तो काचेचे तापमान मोजतो, तेलाचे नव्हे. बूड वाकलेले असल्यास त्याला प्रत्यक्ष तापमानाची सूचना उशिरा मिळते व तोपर्यंत तेल पेट घेऊ शकते. म्हणून फोडणी व तळण मध्यम शक्तीवर, सतत लक्ष ठेवून करावे. तेलाने पेट घेतल्यास पाणी कदापि ओतू नये. वीजपुरवठा बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे.

प्रेशर कुकरमध्ये पाणी पुरेसे असावे. एक लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास ३१४ किलोज्यूल ऊर्जा लागते. २००० वॉटची शेगडी हे काम सुमारे तीन मिनिटांत करते. दाब त्याच वेगाने वाढत असल्याने पहिल्या शिटीनंतर शक्ती कमी करणे इष्ट असते. त्यामुळे विजेचीही बचत होते.

शेगडीच्या तळाशी व मागील बाजूस हवा खेळण्यासाठी झरोके असतात. तिच्याखाली वर्तमानपत्र वा कापड अंथरल्यास ते बंद होतात. भिंतीपासून काही अंतर सोडून, सपाट व कोरड्या ओट्यावर ती ठेवावी. पोलादी पृष्ठभागावर किंवा गॅसच्या शेगडीवर ठेवू नये. चमचे, झाकणे, सुऱ्या व ॲल्युमिनियमचे पातळ वेष्टन काचेवर राहू देऊ नये. काचेला तडा गेल्यास शेगडी तत्काळ बंद करावी, कारण त्यातून झिरपणारे पाणी विद्युतभारित भागांपर्यंत पोहोचते. सफाई प्लग काढून, शेगडी थंड झाल्यावर ओलसर फडक्याने करावी.

हृदयाची गती नियंत्रित करणारा पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी चालू शेगडीपासून सुमारे ६० सेंटीमीटर अंतर राखावे, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचे मत घ्यावे. भांडे वेटोळ्याच्या मध्यभागी असेल व त्याला पूर्णपणे झाकत असेल, तर बाहेर पसरणारे चुंबकीय क्षेत्र कमी होते. भांड्याच्या योग्य निवडीचा हा सुरक्षिततेशी असलेला आणखी एक संबंध आहे.

खर्चाचे गणित

गॅस स्वस्त की वीज, याचे उत्तर सरसकट देता येत नाही. ते हिशेबाने काढावे लागते. एक किलो एलपीजीतून सुमारे १२.७ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा मिळते. त्यामुळे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. प्रत्यक्ष वापरात गॅस शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास अन्नापर्यंत १०८ युनिट पोहोचतात. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या इंडक्शन शेगडीला तेवढ्याच कामासाठी १२७ युनिट वीज लागते.

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत घरगुती सिलिंडरची किंमत ८५३ रुपये होती. ८५३ ला १२७ ने भागल्यास ६ रुपये ७२ पैसे हा आकडा मिळतो. प्रतियुनिट वीज याहून स्वस्त असेल तर इंडक्शन किफायतशीर, अन्यथा गॅस. उज्ज्वला लाभार्थ्यांना त्या वेळी ३०० रुपयांच्या अनुदानामुळे सिलिंडर ५५३ रुपयांना पडत होते. त्यांच्यासाठी हा समतोल दर ४ रुपये ३५ पैसे इतका खाली येतो. म्हणजे ज्या कुटुंबांना आयातीत वायूपासून विजेकडे वळविण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठीच वीज तुलनेने महाग ठरते.

येथे सरासरी दर व सीमांत दर यांतील भेद महत्त्वाचा आहे. बहुतेक राज्यांत घरगुती विजेचे दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात. वर्षाला आठ सिलिंडर लागणाऱ्या कुटुंबाने सर्व स्वयंपाक विजेवर केल्यास दरमहा सुमारे ८५ युनिट अधिक लागतील. त्या कुटुंबाचा मूळ वापर ९० युनिट असेल व पहिला टप्पा १०० युनिटांवर संपत असेल, तर वाढीव ८५ पैकी ७५ युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा चढा दर लागेल. निर्णय घेताना जुन्या बिलातील सरासरी दर नव्हे, तर या वाढीव युनिटांचा दर विचारात घ्यावा लागतो. नवी भांडी, वायरिंग व भारवाढ यांचा एकवेळचा खर्च यात मिळवावा लागतो, तो वेगळाच.

पर्यावरण आणि वीजप्रणाली

घरातील धूर व ज्वलनजन्य वायू यांच्या दृष्टीने विजेवरील स्वयंपाक निर्विवादपणे सरस आहे. कर्ब उत्सर्जनाच्या बाबतीत मात्र सावध विधान करणे योग्य होईल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडील आकडेवारीनुसार देशातील एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. या हिशेबाने अन्नाला एक युनिट उष्णता देण्यासाठी इंडक्शनमुळे सुमारे ०.८ किलो, तर गॅसच्या ज्वलनामुळे सुमारे ०.४ किलो उत्सर्जन होते. कोळशावरील विजेचा वाटा जसजसा घटेल, तसतसे हे चित्र बदलेल.

स्वयंपाकाची वेळ हाही कळीचा मुद्दा आहे. सायंकाळी सौरऊर्जा उपलब्ध नसते आणि त्याच वेळी विजेची मागणी शिखरावर असते. रात्रीचा स्वयंपाकही त्याच तासांत होतो. जून २०२३ मध्ये दुरुस्त केलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांत दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद करण्यात आली असून, सौर तासांत दर १० ते २० टक्के कमी व सर्वाधिक मागणीच्या तासांत तितकाच अधिक असावा, असे अभिप्रेत आहे. दुपारचे जेवण बनविणाऱ्या शाळा, अंगणवाड्या, वसतिगृहे व उपाहारगृहे यांना याचा लाभ सहज घेता येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्य घर मोफत वीज योजनेचे एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसविण्याचे उद्दिष्ट आहे. अशा घरांत वाढीव युनिटाचा खर्च अत्यल्प असल्याने तेथे विजेवरील स्वयंपाक स्वाभाविकपणे रुजू शकेल.

इतर देशांचा अनुभव

भारतापूर्वी काही विकसनशील देशांनी हा प्रयोग केला आहे व त्यांचा अनुभव उद्बोधक आहे. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरने २०१४ मध्ये ३० लाख कुटुंबांना इंडक्शनकडे वळविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. शेगडीबरोबर योग्य भांडी, २२० व्होल्टची जोडणी आणि स्वयंपाकासाठी दरमहा ८० युनिट मोफत वीज देऊ करण्यात आली. तरीही उद्दिष्टाचा लहान हिस्साच साध्य झाला. १५ किलोचे सिलिंडर अनुदानामुळे सुमारे १.६० डॉलरला मिळत राहिल्याने इंधन बदलण्याचे कारण कुटुंबांना उरले नाही. इंडोनेशियाने २०२२ मध्ये गरीब कुटुंबांना १००० वॉटच्या शेगड्या देण्याची योजना आखली. यांपैकी अनेक घरांची वीजजोडणी केवळ ४५० व्होल्ट-अँपिअर क्षमतेची होती. प्रखर टीकेनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये ही योजना मागे घेण्यात आली.

भारतातही सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडरची संख्या प्रतिवर्षी सहावर मर्यादित करण्यात आली, तेव्हा इंडक्शन शेगड्यांची मागणी एकाएकी वाढली होती. जानेवारी २०१३ मध्ये ही मर्यादा नऊवर व जानेवारी २०१४ मध्ये बारावर नेण्यात आली आणि ती लाट ओसरली. सापेक्ष किमती बदलल्या की ग्राहकांचे वर्तन बदलते, हे अर्थशास्त्रीय तत्त्व या तिन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

पुढील दिशा

विजेवरील स्वयंपाकाचा प्रसार करताना शेगडी, दोन ते तीन योग्य भांडी, १६ अँपिअरची सुरक्षित जोडणी आणि मंजूर भारातील वाढ हा एकच संच मानला जावा. यांपैकी शेगडीच तेवढी वाटली गेली, तर ती एकतर माळ्यावर पडून राहील किंवा ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये खुपसली जाईल. पहिल्या स्थितीत सार्वजनिक निधी वाया जातो आणि दुसऱ्या स्थितीत गरीब कुटुंबाचे घरच पणाला लागते. वीज वितरण कंपन्यांनी घरातील वायरिंगची तपासणी अल्प शुल्कात उपलब्ध करून देणे, भांड्यांवर ती इंडक्शनला योग्य असल्याची ठळक नोंद बंधनकारक करणे आणि एलपीजी अनुदानाची रक्कम इच्छुक कुटुंबांना विजेच्या बिलात वळती करून घेण्याचा पर्याय देणे, या तीन उपायांचा विचार होणे गरजेचे आहे. शेवटचा उपाय अमलात आल्यास उज्ज्वला लाभार्थ्यांसाठी ४ रुपये ३५ पैशांवर आलेला समतोल दर पुन्हा ६ रुपये ७२ पैशांपर्यंत जाईल आणि गॅस की वीज, याची निवड अनुदानाने झुकलेली न राहता कुटुंबाला आपल्या गरजेनुसार करता येईल.